लेकीला कॉकाटील हवाय, सासूबाईंना दमा आहे

पत्र

"नमस्कार ताई. आम्ही नाशिकला राहतो. मी आणि माझे मिस्टर दोघंही नोकरीला जातो, घरी सासूबाई असतात. मुलगी सहावीत आहे. तिच्या मैत्रिणीकडे तुरा असलेला एक पिवळा कॉकाटील आहे. तो तिच्या खांद्यावर बसतो, शीळ घालतो. तेव्हापासून 'वाढदिवसाला मला तोच हवा' म्हणून ही हट्ट धरून बसली आहे. दुकानदार म्हणतो, महिनाभराचं पिल्लू न्या, हाताने भरवा, लगेच माणसाळेल. सासूबाई म्हणतात, पक्षी कोंडून ठेवणं पाप आहे. त्यांना थोडा दमाही आहे. पोपट पाळणं गुन्हा आहे असंही कुणीतरी सांगितलं. आवाज किती, घाण किती, बोलतो का, दिवसभर एकटा राहील का? नेमकं काय पदरात पडणार आहे ते स्पष्ट सांगा."
– एक आई, नाशिक

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी सासूबाईंच्या दम्यापाशी थांबले. बाकी सगळ्या अडचणींतून काही ना काही वाट निघते. ही एक अशी आहे की तिचा निकाल पक्षी घरी यायच्या आधीच लागायला हवा. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कॉकाटील दिसतो नीटनेटका, पण त्याच्या अंगातून सतत पांढरी भुकटी सांडत असते. त्याच्या वरच्या पिसांखाली काही खास मऊ पिसं असतात. त्यांची टोकं झिजून पिठीसारखी पूड होते. पिसं साफ करताना तो ती चोचीने अंगभर पसरतो. हा पक्षी काकाकुवांच्या कुळातला, त्या कुळातला सगळ्यात लहान, आणि ही भुकटी त्या कुळाचा वारसा आहे. हात फिरवला की बोटांना पावडर लागल्यासारखी वाटते. आमच्याकडे एक कॉकाटील होता तेव्हा टीव्हीचा काळा पडदा सकाळी पुसला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं. निरोगी माणसाला त्याचं काही वाटत नाही. दमेकऱ्याला मात्र या भुकटीने धाप लागू शकते. शिवाय कबुतरांमुळे फुप्फुसांना होणाऱ्या आजाराबद्दल आपण हल्ली वारंवार ऐकतो ना, तसाच आजार घरातल्या पक्ष्याच्या पिसांमुळे आणि वाळलेल्या विष्ठेमुळेही होऊ शकतो. तो हळूहळू वाढतो आणि "हवा बदलली म्हणून खोकला आलाय" असं म्हणण्यात महिने निघून जातात.

तेव्हा एक करा. सासूबाई ज्या डॉक्टरांचं औषध घेतात त्यांना आधी स्पष्ट विचारा: घरात पक्षी आणला तर चालेल का? ते नको म्हणाले तर विषय तिथेच संपला, लेकीला कितीही वाईट वाटलं तरी. ते हरकत नाही म्हणाले, तर त्या मैत्रिणीकडे सासूबाईंना घेऊन जा. पाच मिनिटांची भेट नको, चांगले दोन-तीन तास बसा. आठवड्याने पुन्हा जा. रात्री खोकला वाढतो का, पंप जास्त वेळा लागतो का, हे लक्षात ठेवा. अशा भेटींमुळे पुढची वर्षानुवर्षांची खात्री मिळत नाही, पण ज्यांना लगेच त्रास होतो ते बहुतेक इथेच कळतं.

आता समजा, यातून तुम्ही पार पडलात. पुढचं सगळं त्या भरवशावर लिहिते.

गुन्ह्याचं आधी उरकते. आपले देशी पोपट, म्हणजे राघू, पहाडी पोपट, आणि मुनियासुद्धा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे, मग तो पिंजरा आजोबांच्या काळापासून ओट्यावर टांगलेला का असेना. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो या कायद्याच्या संरक्षित देशी पक्ष्यांत मोडत नाही. परदेशी प्राणी-पक्ष्यांची सरकारदरबारी नोंदणी करायचे जे नियम २०२४ मध्ये आले, ते वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या यादीतल्या प्रजातींसाठी आहेत आणि कॉकाटील त्या यादीतून वगळलेला आहे. घेताना पावती मात्र जरूर घ्या. आणि दुकानात त्याला 'कॉकटेल' म्हणतात, त्याने गोंधळू नका. पक्षी तोच.

सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि त्यांना तसं सांगा. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात हे पक्षी थव्याने फिरतात. पाऊस पडेल आणि गवताला दाणा येईल तिकडे जातात, जमिनीवर उतरून दाणे टिपतात. ज्याच्या अंगात इतकं उडणं आहे, त्याला दोन फुटांच्या जाळीत ठेवणं हे कोंडणंच आहे. पण आपल्याकडे विकले जाणारे कॉकाटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. "सोडून देऊ, पुण्य लागेल" असं म्हणून कुणी त्याला बाल्कनीतून उडवलं तर त्याला दाणा कुठे शोधायचा ते कळत नाही आणि कावळे, घारी, मांजरं त्याला लगेच हेरतात. एक-दोन दिवससुद्धा तो तग धरेल असं नाही. मग त्याच्या कोंडण्यावर आपल्या हातात एवढंच उरतं की पिंजरा ही त्याची झोपायची आणि जेवायची जागा व्हावी आणि रोज निदान दोन-तीन तास तो बाहेर असावा. हे जमणार नसेल तर सासूबाईंचं ऐका आणि आणू नका.

थवा हा शब्द नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. एकटा कॉकाटील घरातल्या माणसांनाच आपला थवा मानतो. थव्यातला पक्षी नजरेआड झाला की बाकीचे त्याला हाक मारतात, "कुठे आहेस?" म्हणून. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो बाहेरच्या खोलीतून हाक मारणार. अंघोळीला गेलात की दाराबाहेर हाक. ती हाक काकाकुव्यासारखी कान फाडणारी नसते, पण टोकदार असते आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाते. सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना ती जास्त. पुष्कळ लोक अशा वेळी ओरडतात किंवा पिंजऱ्यावर फडकं टाकतात. मी काय केलं ते सांगते: मी त्याला उत्तर द्यायला लागले. एक छोटी शीळ ठरवली, दोन सुरांची. त्याने हाक मारली की पोळी लाटता लाटता मी ती शीळ घालायचे. त्याला कळायचं, आहे ही इथेच. तो पिसं साफ करायला लागायचा. काही आठवड्यांनी तो हाक मारायच्या ऐवजी तीच शीळ घालायला लागला.

यावरून दुसरा प्रश्न: दोघं नोकरीला, मुलगी शाळेत, मग दिवसभर एकटा राहील का? सासूबाई घरात आहेत हे तुमच्या बाजूचं आहे. त्यांना त्याला हातात घ्यायची गरज नाही, जाता-येता दोन शब्द बोलल्या तरी पुरे. पण त्यांचा दमा पाहता पक्ष्याची जबाबदारी त्यांच्यावर पडता कामा नये. पिंजरा झाडणं, खालचा कागद बदलणं हे तर बिलकुल नाही, आणि त्यांच्या खोलीत पिंजरा ठेवायचा नाही. घर जर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा रिकामं राहणार असतं, तर मी दोन पक्षी घ्या म्हटलं असतं. दोन असले की ते एकमेकांचे होतात आणि माणसाकडे थोडे कमी येतात. लेकीला खांद्यावरचा पक्षी हवाय, त्यामुळे तुमच्यासाठी एकच बरा. पण मग रोज संध्याकाळचा वेळ त्याचा, क्लास असो की परीक्षा असो.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येते. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

महिनाभराचं पिल्लू घेऊ नका. कॉकाटीलची पिल्लं साधारण आठ ते दहा आठवड्यांची झाल्यावर नीट स्वतःचं स्वतः खायला लागतात. तोवर त्यांना आईबापच भरवतात, आणि दोघंही भरवतात. या पक्ष्यांत नरसुद्धा दिवसा अंड्यांवर बसतो. त्याआधी पिल्लू तोडून विकायचं, सोबत एक सिरिंज आणि पावडरीचा डबा द्यायचा, आणि "हाताने भरवलं की माणसाळतं" असं सांगायचं, ही पद्धत दुकानदाराच्या सोयीची आहे. भरवायचा त्याचा खर्च आणि धोका दोन्ही तुमच्या गळ्यात पडतात.

मी यातून गेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मला एका विक्रेत्याने असंच एक पिल्लू दिलं. अंगभर पिसांचे खुंट, साळिंदरासारखं. मोठं डोकं, आणि भूक लागली की मान वर-खाली करत घरघर आवाज. पेज फार गरम असली की गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, गार असली की ती तिथेच आंबते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बोटावर थेंब टाकून अंदाज घेत होते, जसं बाळाच्या दुधाचं करतो तसं. चौथ्या दिवशी सकाळी भरवताना पिल्लाने मान हलवली, पेज श्वासनलिकेत गेली. त्याने दोनदा चोच उघडली आणि माझ्या तळहातावर ते गार होत गेलं. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. मुलगा शाळेला निघाला होता, दप्तर पाठीला लावून दारात उभा होता. तुमची लेक सहावीत आहे. तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात तिच्या वाट्याला हे यावं असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पाच महिन्यांचा एक पक्षी आणला, स्वतः खाणारा. गालांवर नारिंगी गोल ठिपके, अगदी टिकली लावल्यासारखे, म्हणून नाव टिकल्या. त्याला हाताची सवय नव्हती. पहिले चार दिवस मी पिंजऱ्याजवळ बसून नुसती भाजी निवडली. पाचव्या दिवसापासून जाळीतून राळ्याचं कणीस धरायला लागले. कणसाचं टोक थरथरायचं, कारण माझा हात अवघडायचा. तेराव्या दिवशी त्याने मान लांब करून एक दाणा ओढला आणि उडी मारून मागे गेला. बोटावर यायला सहा आठवडे लागले. आणि एका दुपारी त्याने माझ्यासमोर मान खाली घातली, डोक्याचा तुरा माझ्याकडे करून. डोक्यावर पिसं नवी येत होती. ती मेणासारख्या आवरणातून निघतात, खाज सुटते आणि स्वतःच्या डोक्याला चोच पोचत नाही. मी नखाने हलकेच एक आवरण चुरडलं. त्याचा पांढरा भुसा माझ्या बोटांवर पडला. त्याने डोळे मिटले. त्यानंतर तो चौदा वर्षं आमच्याकडे होता.

तर सांगायचं हे की माणसाळायला पिल्लूच लागतं असं नाही, वेळ लागतो. तीन ते सहा महिन्यांचा, तुमच्या डोळ्यांसमोर दाणे फोडून खाणारा पक्षी घ्या. कुणी गाव सोडताना आपला मोठा पक्षी देत असेल तर तोही चांगला. घेताना त्याच्याकडे दहा मिनिटं शांतपणे बघा. दिवसाढवळ्या पिसं फुगवून बसलाय, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होतंय, नाकपुड्यांशी ओल आहे किंवा शेपटाखाली घाण चिकटली आहे, असं काही दिसलं तर कितीही कळवळा आला तरी आणू नका.

नर की मादी हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा. लहानपणी सगळे सारखेच दिसतात. करड्या रंगात नराचा चेहरा पहिल्यांदा पिसं झडल्यावर लख्ख पिवळा होतो, मादीचा फिकाच राहतो. मैत्रिणीकडे आहे तसा सगळा पिवळा हवा असेल तर रंगावरून ओळखणं कठीण, आणि "नरच आहे" हे दुकानदाराचं वाक्य मोजू नका. पिसावरून डीएनए चाचणी होते, ती करून घेता येते. फरक का पडतो? शीळ आणि थोडंफार बोलणं बहुतेक नरच करतो. आणि मादी नर नसतानाही अंडी घालू शकते, कधी कधी एकामागून एक. त्यात तिच्या हाडांतलं कॅल्शियम जातं आणि एखादं अंडं आत अडकलं तर जीवावर बेतू शकतं. मादी आली तर घरट्यासारखे अंधारे कोपरे, खोकी तिला मिळू देऊ नका, पाठीवरून हात फिरवू नका, लाड फक्त डोक्याचे. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेन, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, ठेवा. आणि ती तळाशी फुगून बसून कुंथताना दिसली तर उद्याची वाट न बघता डॉक्टरकडे.

बोलण्याबद्दल लेकीला आधीच सांगून ठेवा. राघूसारखं स्पष्ट तो बोलत नाही. दोन-चार शब्द, तेही शीळ मिसळलेले. चाली मात्र पटकन उचलतो. कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोनचा रिंगटोन हे तर ठरलेलंच. टिकल्या आरतीच्या पहिल्या ओळीची चाल घालायचा आणि नेहमी एकाच जागी चुकायचा, कारण त्याला शिकवताना मीच तिथे चुकले होते.

त्याचं खरं बोलणं तुऱ्यात असतं. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा काहीतरी निरखतोय. तुरा डोक्याला चिकटलेला आणि तोंडातून फुसकारा म्हणजे हात मागे घ्या, पुढची पायरी चावा आहे. तुरा जरासा मागे कललेला, चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासत कुरकुर आवाज, म्हणजे झोप आली, सगळं ठीक आहे. लेकीला हे आधी शिकवा. मुलांना पक्षी चावतात ते बहुतेक वेळा त्यांनी तुऱ्याकडे पाहिलेलं नसतं म्हणून.

घाणीचं म्हणाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी शी करतो, जिथे बसेल तिथे. वास फारसा नसतो, वाळली की कागदाने निघते. दाण्यांची टरफलं पिंजऱ्याबाहेर दोन-तीन फूट उडतात. वर्षातून एक-दोनदा पिसं झडतात तेव्हा घरभर पिसं. रोज खालचा कागद बदलायचा, पाण्याची वाटी दोनदा विसळायची. आठवड्यातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारला की भुकटी थोडी दबते, आणि एप्रिल-मेमध्ये त्यालाही बरं वाटतं.

पिंजऱ्यासाठी हात सैल सोडा. पक्ष्यापेक्षा पिंजरा महाग पडला तर बरोबर घेतलात असं समजा. निदान २४ इंच लांब, १८ इंच खोल, २४ इंच उंच, जाळीतलं अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास. उंच गोल घुमटाचे पिंजरे शोभेचे असतात, त्यात तो पंखही नीट पसरू शकत नाही. जस्ताचा मुलामा असलेली स्वस्त जाळी नको, तो चोचीने ती खरवडतो आणि जस्त पोटात जातं. पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, फवारणी न झालेल्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. जाडी कमी-जास्त असली की पायांना आराम मिळतो.

खाण्यात बहुतेक घरांत एकच चूक होते: नुसती बाजरी, राळा आणि सूर्यफूल. पक्षी आवडीने खातो, जाड होतो आणि आतून जीवनसत्त्वांना मुकतो. थोडे दाणे, पक्ष्यांच्या खाद्याच्या गोळ्या आणि रोज ताजं काही, असं बसवा. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मक्याचं कणीस, मोड आलेले मूग. हिरवी मिरचीही चालते, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. नवीन भाजी तो आठवडाभर नुसती बघेल, तरी रोज ठेवत राहा. अवोकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, खारवलेलं काहीही नको. घरी येणारे पाहुणे त्याला फरसाण द्यायला बघतील, त्यांना तुम्ही किंवा सासूबाईंनी ठामपणे अडवायचं. आणि वाटीत रोज फुंकर मारा. तो दाणा फोडून टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि आत दाणा एकही नसतो. मुलांच्या हाती पक्षी सोपवलेल्या घरांत अशाने पक्षी उपाशी राहतात.

आता तुमच्या घराकडे पक्ष्याच्या नजरेने बघा. सगळ्यात मोठा शत्रू डोक्यावर आहे: छताचा पंखा. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, आणि हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ. बाल्कनीला बारीक जाळी. उघडी बादली, कढईतलं तापलेलं तेल, यांच्यापासून दूर. पंख कापून आणा असं सुचवणारे भेटतील, पण कापलेला पक्षी पडतो, छाती आपटून घेतो, आणि पिसं पुन्हा आली हे आपल्या लक्षात यायच्या आत एक दिवस उडूनही जातो.

दुसरा शत्रू हवेत आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत जाते, शरीरात हवेच्या पिशव्या असतात. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यामुळे भरपूर मिळतो, आणि हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने आत जातं. नॉनस्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्षी घरात असताना मी नॉनस्टिक भांडी ठेवलीच नाहीत, लोखंडी तवा आणि बिडाचं भिडं यांवर चालवलं. डासांची कॉइल, स्प्रे, फिनेलचा उग्र वास, धूप, कापूर, अगरबत्ती हे सगळं त्याच्यापासून लांब, दार लावून. देवघर आणि पिंजरा एका खोलीत नको. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद करून आतल्या खोलीत. यातल्या बहुतेक गोष्टी सासूबाईंच्या दम्यालाही नकोतच, त्यामुळे घरात एकाच नियमात दोघांचं भागेल.

रात्रीची एक गोष्ट सांगते, नाहीतर पहिल्यांदा घडेल तेव्हा तुम्ही घाबराल. कॉकाटील अंधारात दचकतात. एखाद्या पालीची सावली, गाडीचा दिवा, आणि तो पिंजऱ्यात बेभान पंख आपटायला लागतो. रात्री दोन वाजता असा आवाज होतो की घरात कुणी शिरलंय असं वाटावं. टिकल्याचं पहिल्यांदा झालं तेव्हा एक कोवळं पीस तुटून जाळीला रक्त लागलं होतं. दिवा लावा, पण हात घालू नका. जवळ उभं राहून हळू आवाजात बोलत राहा. तो दांडीवर परत येतो. त्यानंतर आम्ही पिंजऱ्याजवळ झिरोचा बल्ब ठेवायला लागलो आणि ते जवळजवळ थांबलं. त्याला दहा-बारा तासांची झोप लागते, म्हणजे रात्री टीव्ही चालतो ती खोली झोपायला नको.

पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे बरेच आहेत, पक्ष्यांचे थोडे, आणि पक्षी आजार लपवतो. थव्यात दुबळा दिसला तर शिकारी त्यालाच गाठणार, हे त्याच्या रक्तात आहे. तो आजारी दिसायला लागला म्हणजे बऱ्याच दिवसांपासून आजारी असतो. यावर माझा भरवसा स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर आहे. धडधाकट कॉकाटील ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास भरतो. दर रविवारी त्याला काट्यावर उभा करा, आकडा वहीत लिहा. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा घटला तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टरकडे जा. हे काम लेकीला द्या. तिला ते आवडेल.

शेवटी वर्षांचा हिशेब. नीट ठेवला तर कॉकाटील पंधरा ते वीस वर्षं जगतो. आज अकरा वर्षांची लेक तेव्हा तिशीला आलेली असेल. मध्ये दहावी, बारावी, वसतिगृह, कदाचित दुसरं गाव. त्या सगळ्या वर्षांत सकाळी कागद बदलणारे हात तुमचे किंवा तुमच्या मिस्टरांचे असणार आहेत. मे महिन्यात गावी जाताना त्याला कुणाकडे ठेवायचं हेही तुम्हीच बघणार. म्हणून पक्षी लेकीच्या वाढदिवसाचा असला तरी 'हो' तुम्हा दोघांचं असलं पाहिजे. तुमच्यापैकी एकाला तरी हा पक्षी स्वतःसाठी हवासा वाटतोय का, हे मिस्टरांशी बोलून बघा.

आणि वाढदिवसाच्या दिवशीच पक्षी आणू नका. घरात फुगे, पाहुणे, गाणी, आणि मधोमध भेदरलेला जीव. त्या दिवशी तिला रिकामा पिंजरा द्या, काटा द्या, वही द्या. पेरूची फांदी तिच्याकडूनच धुऊन, बांधून घ्या. पक्षी नंतर एखाद्या शांत शनिवारी सकाळी आणा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला नवी खोली बघून होईल. पहिला दिवस तो कदाचित काहीच खाणार नाही, एका कोपऱ्यात तुरा उभा करून बसेल. लेकीला जवळ बसून गृहपाठ करू दे, त्याच्याकडे टक लावून न बघता.

पण त्याआधी मैत्रिणीकडच्या त्या दोन भेटी आणि डॉक्टरांचं मत. सासूबाईंचा खोकला काय म्हणतो ते मला कळवा. सोबत घराचा साधा नकाशाही काढून पाठवा, देवघर, स्वयंपाकघर आणि पंखे कुठे आहेत ते दाखवून. पिंजऱ्याची जागा आपण मिळून ठरवू.